वणांचं रेटिंग कमी लागलंय (अमेरिका, व्हीए म्हणजे माजी सैनिकांचं खातं): अपील कुठल्या वाटेनं करावं?

कोरांटी
ओळखीतल्या एका व्हेटरनचे (माजी सैनिकाचे) कागद वाचायला घेतलेत. अमेरिकन सैन्यात असताना भाजल्याचे वण आहेत. सर्व्हिस कनेक्शन (इजा सैन्यातल्या सेवेमुळेच झाली हे) मान्य झालंय, वाद फक्त अपंगत्वाच्या टक्क्यांचा आहे. कानापासून हनुवटीपर्यंतच्या वणाला १० टक्के आणि उजव्या हाताच्या, कोपराखालच्या दोन वणांना ० टक्के लागलेत. डिसिजन लेटर चार महिन्यांपूर्वीचं.

सी अँड पी तपासणीच्या (व्हीएनं क्लेमसाठी करवलेल्या वैद्यकीय तपासणीच्या) रिपोर्टात चेहऱ्याचा वण १४ सेंमी लांब आणि ०.८ सेंमी रुंद नोंदवलाय. दुखतो का, या रकान्यात तिन्ही वणांपुढे ‘नाही’. प्रत्यक्षात बाही घासली तरी हाताचे दोन्ही वण झोंबतात आणि चेहऱ्याचा दाढी करताना दुखतो. करंगळी आणि अनामिका बधिर आहेत, पण त्याचा निकालात उल्लेखच नाही.

हायर लेव्हल रिव्ह्यू, सप्लिमेंटल क्लेम आणि बोर्डाकडे अपील या तीन वाटांपैकी कुठली धरायची? बधिरपणा वेगळा मागता येतो का? आणि वकील आत्ताच लागेल का?

आडवाट
आधी चेहऱ्याचं बघा, कारण तिथली चूक रिपोर्टातच दिसतेय. डोकं, चेहरा आणि मानेच्या वणांना व्हीएच्या रेटिंग नियमांतला कोड ७८०० लागतो. त्यात विद्रूपतेची आठ लक्षणं दिली आहेत: लांबी १३ सेंमी किंवा जास्त, सर्वांत रुंद जागी किमान ०.६ सेंमी, बोटाला लागणारा उंचवटा किंवा खळगा, खालच्या ऊतीला चिकटलेला वण, आणि ३९ चौ. सेंमीपेक्षा मोठ्या भागात रंग बदललेला, पोत बिघडलेला, खालचा मऊ भाग नाहीसा झालेला किंवा कातडी कडक झालेली. एका लक्षणाला १० टक्के, दोन-तीनला ३०, चार-पाचला ५०, सहा किंवा जास्त असतील तर ८०.

तुम्ही दिलेल्या मापांत लांबी आणि रुंदी ही दोन्ही लक्षणं बसतात. म्हणजे ३० टक्के व्हायला हवेत. रेटिंग करणाऱ्यानं एकच मोजलेलं दिसतंय. यासाठी नवा पुरावा लागत नाही, म्हणून हा मुद्दा हायर लेव्हल रिव्ह्यूचा (त्याच फाइलची वरिष्ठाकडून फेरतपासणी), फॉर्म २०-०९९६. फॉर्मवर इन्फॉर्मल कॉन्फरन्स मागा. तो एक फोन असतो. त्यात रिपोर्टाचं पान, दोन्ही मापं आणि कोड ७८०० एवढंच बोला. त्या फोनवर नवा फोटो किंवा नवं पत्र चालत नाही. रिव्ह्यू करणारा निकालाच्या दिवशी फाइलमध्ये जे होतं तेवढंच बघतो. डिसिजन लेटरमध्ये ‘फेव्हरेबल फाइंडिंग्ज’चा भाग असतो, तोही वाचून ठेवा. तिथे जे मान्य झालंय ते पुढच्या पायरीवरच्या अधिकाऱ्यालाही बांधून असतं, उघड चूक सिद्ध झाल्याशिवाय ते फिरवता येत नाही.

दुखण्याचा मुद्दा मात्र याच फॉर्ममध्ये कोंबू नका. तिथे पुरावाच कमी आहे.

दुर्बीण
बरोबर. एकाच निकालातले वेगवेगळे मुद्दे वेगवेगळ्या वाटांनी नेता येतात, फक्त एक मुद्दा एका वेळी एकाच वाटेवर हवा. दुखण्यासाठी सप्लिमेंटल क्लेम (नव्या पुराव्यासह पुन्हा अर्ज), फॉर्म २०-०९९५. सोबत ‘नवा आणि संबंधित’ पुरावा जोडावाच लागतो.

दुखरे किंवा अस्थिर वण कोड ७८०४ मध्ये येतात. एक-दोन वणांना १० टक्के, तीन-चारला २०, पाच किंवा जास्त असतील तर ३०. इथे शरीरावरचे सगळे वण एकत्र मोजतात, चेहऱ्याचाही. ७८०० खाली त्याला विद्रूपतेचे टक्के मिळाले असले तरी दुखण्यासाठी तो ७८०४ मध्ये पुन्हा धरता येतो, नियमातच तशी टीप आहे. म्हणून अर्जात ‘हाताचे वण’ एवढंच न लिहिता ‘तीन दुखरे वण, कोड ७८०४’ असं लिहा. दोन आणि तीनमध्ये १० टक्क्यांचा फरक आहे.

‘अस्थिर’ म्हणजे वणावरची कातडी वारंवार सुटणं. खपली धरते, निघते, पुन्हा जखम उघडी पडते, असं असेल तर त्वचारोगतज्ज्ञाच्या नोंदी काढा. एखादा वण दुखराही असेल आणि अस्थिरही, तर ७८०४ च्या एकूण टक्क्यांत आणखी १० मिळतात.

पुराव्यात सर्वांत जास्त फसतं ते डॉक्टरांचं मोघम पत्र. ‘रुग्णाला वणांचा त्रास आहे’ या वाक्यानं काही साधत नाही. स्कार्सचा (वणांचा) डीबीक्यू, म्हणजे डॉक्टरांनी भरायचा व्हीएचा ठरावीक प्रश्नांचा फॉर्म, भरून घ्या. प्रत्येक वणाला क्रमांक, नेमकी जागा, सेंमीत लांबी-रुंदी, दाबल्यावर दुखतो का, कातडी सुटते का, हे प्रत्येकासमोर वेगळं हवं. डॉक्टरांनी प्रत्यक्ष बोटानं दाबून पाहिलं असं त्यांनी लिहायला हवं. आधीचा ‘नाही’ त्यामुळेच लंगडा पडतो. चेहऱ्याचा वण खालच्या ऊतीला चिकटलाय का, तेही याच तपासणीत बघून घ्या.

सोबत व्हेटरनचं स्वतःचं निवेदन, फॉर्म २१-१०२१०. वेदना सांगायला वैद्यकीय पदवी लागत नाही, ज्याला दुखतं त्याचं म्हणणं पुरावा म्हणून धरलं जातं. बाही, सीटबेल्ट, वस्तरा, थंडी यांतलं कशानं, किती वेळा आणि किती वेळ दुखतं ते लिहायचं. घरच्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं याच फॉर्मच्या वेगळ्या प्रतीवर. फोटो रंगीत, शेजारी मोजपट्टी ठेवून, कुठलाही फिल्टर न लावता.

खडूफळा
बोटांच्या बधिरपणाबद्दल. करंगळी आणि अनामिका म्हणजे बहुधा अल्नर नर्व्ह (कोपरावरून या बोटांकडे जाणारी नस), कोड ८५१६. निकालात उल्लेख नसेल तर सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे फॉर्म २१-५२६ईझेडवर नवा क्लेम, ‘सर्व्हिस कनेक्टेड वणांमुळे झालेला’ म्हणजे सेकंडरी म्हणून. कागद जमवायला वेळ लागणार असेल तर आजच इंटेंट टू फाइल (क्लेम करणार असल्याची आगाऊ नोंद) करा. वर्षभरात पूर्ण क्लेम गेला तर तीच तारीख धरली जाते.

यात दोन अडचणी येतात. पहिली पिरॅमिडिंगची: एकाच लक्षणाचे पैसे दोनदा मिळत नाहीत. वेदना ७८०४ मध्ये मोजली की नर्व्हच्या क्लेममध्ये वेदना लिहू नका. तिथे बधिरपणा, पकड सुटणं, बटण लावताना येणारी अडचण हे हवं. लक्षणं वेगळी असतील तर एकाच दुखापतीला वेगवेगळी रेटिंग मिळतात, हे १९९४ च्या एस्टेबन विरुद्ध ब्राउन या निकालानं पक्कं झालंय. तिथेही चेहऱ्याचीच दुखापत होती. दुसरी अडचण कारणाची. नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेची तपासणी) करून घ्या आणि न्यूरॉलॉजिस्टकडून ‘वणामुळे असण्याची शक्यता किमान निम्मी’ या अर्थाचं मत कारणासहित घ्या. कारण दिलेलं नसेल तर त्या मताला वजन राहत नाही. नुसता बधिरपणा असेल तर सौम्य किंवा फार तर मध्यम धरतात, सौम्यला १० टक्के.

आडवाट
@खडूफळा, नव्या क्लेमला विरोध नाही, पण वणाचे इतर परिणामही तपासून रेट करायचे असं कोड ७८०५ सांगतो. बधिरपणा जुन्या उपचारांच्या नोंदींत आधीपासून असेल, तर तो मूळ क्लेममध्येच बघायला हवा होता हा मुद्दा सप्लिमेंटलमध्येही लिहावा. मान्य झाला तर जुनी तारीख मिळते, म्हणजे थकबाकी जास्त. नवा क्लेम मात्र त्यासाठी थांबवू नका.

कोरांटी
सगळं मान्य झालं तर एकूण किती होतात? आणि मुदत?

दुर्बीण
सरळ बेरीज होत नाही. चेहऱ्याच्या विद्रूपतेचे ३० टक्के गेले की ७० उरतात. तीन दुखऱ्या वणांचे २० टक्के या ७० वर मोजतात, ते १४, म्हणजे ४४. बधिरपणाचे १० टक्के उरलेल्या ५६ वर, ते ५.६, म्हणजे ४९.६. जवळच्या दहावर नेल्यावर ५०. दोनच वण दुखरे मानले गेले तर ४३.३, म्हणजे ४० वरच थांबतं. तिसऱ्या वणाचा पुरावा म्हणूनच नीट करा.

मुदत डिसिजन लेटरच्या तारखेपासून एक वर्ष. सप्लिमेंटल त्यानंतरही भरता येतो, पण मग सहसा नव्या अर्जाची तारीख लागते आणि मधले महिने बुडतात. बोर्डाकडे (व्हेटरन्सची अपिलं ऐकणारं मंडळ), फॉर्म १०१८२ नं, एवढ्यात जाऊ नका. मापाच्या चुकीसाठी इतकी लांब रांग धरायची गरज नाही.

खडूफळा
वकील आत्ता नको. व्हीएनं मान्यता दिलेली व्हेटरन्स सर्व्हिस ऑर्गनायझेशन फुकट काम करते, नेमणूक फॉर्म २१-२२ नं. मान्यता आहे का ते व्हीएच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येतं. पहिल्या निकालानंतर वकील फी घेऊ शकतो, थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी धरली जाते. ‘वाढलेल्या भरपाईचे पाच महिने आम्हाला द्या’ म्हणणारे बिनमान्यतेचे सल्लागार दिसले तर सही करू नका. आणि पहिलं काम म्हणजे फॉर्म २०-१०२०६ नं पूर्ण क्लेम फाइल मागवा. बधिरपणाची जुनी नोंद असलीच तर तिथेच सापडेल.