राम वाईरकरांचं नाव यायलाच हवं

'अमर चित्र कथा' ही चित्रकथांची मालिका आणि मुलांचं 'टिंकल' हे नियतकालिक सुरू करणाऱ्या अनंत पैंबद्दल सगळे भरभरून लिहितात, ते योग्यच. पण त्यांच्या कथांना चेहरे देणाऱ्या चित्रकार राम वाईरकरांचं नाव कुणीच घेतलेलं दिसलं नाही. अमर चित्र कथेचा 'कृष्ण' त्यांनीच काढला. आणि १९८३ साली टिंकलमध्ये आलेला सुप्पंडी हा वेंधळा नोकरही त्यांनीच रेखाटला! लांबुळकं डोकं, त्यावर केसांचा झुबका, मालकाने सांगितलेलं शब्दशः करून आल्यावरचं ते निरागस हसू. संवाद झाकले तरी विनोद कळतो. देवादिकांची भारदस्त चित्रं आणि हा वेंधळा नोकर एकाच हाताने काढावेत, याला मी फार मोठी गोष्ट मानतो. २००३ मध्ये ते गेले. पुढे सुप्पंडी त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी रेखाटला.