माहिती पोचली, पुढे काय?

आरोग्याची माहिती 'सोप्या भाषेत सांगितली की लोक ऐकतात' असं म्हणतात, त्याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. बांगलादेशात 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेने १९८० पासून दहा वर्षं घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी. आईने ते स्वतःच्या हाताने करून दाखवायचं. कार्यकर्तीचा मोबदला तर नंतरच्या तपासणीत आयांना किती आठवतंय त्यावर ठरायचा! (आपल्याकडे अहवालात वाटलेल्या पत्रकांचा आकडा येतो.)

तरीही सुरुवातीला, शिकलेल्या आयांपैकी फार थोड्या ते पाणी मुलांना देत होत्या. शोध घेतल्यावर कळलं, शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांशी कुणी बोललंच नव्हतं. मग आधी कार्यकर्त्यांना ते पाणी काम कसं करतं हे नीट समजावलं, पुरुषांना बाजारात आणि मशिदीत गाठलं. त्यानंतर वापर वाढला.

म्हणून लसीकरणाबद्दल मला विचारावंसं वाटतं: आशाताई (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) बाळाच्या आईला सगळं सांगतात, पण बापाशी आणि आजीशी कोण बोलतं?