बाबांना शब्द कळतात पण 'कोणी कोणाला' कळत नाही, मदत हवी आहे

मंडळी, अफेझियाबद्दल (मेंदूला इजा होऊन बोलण्या-समजण्यात येणारी अडचण) कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. बाबांना डाव्या बाजूचा स्ट्रोक झाला, उजवा हात अजून नीट उचलत नाही, बोलणं तुटक झालंय, "चहा... आण... गरम" असं. डॉक्टर म्हणाले ब्रोका अफेझिया, बोलायला त्रास होईल पण समजतं सगळं. घरचे तेच धरून चाललेत, मला मात्र ते 'सगळं' काही पटत नाहीये.

थेरपीसाठी चित्रांची कार्डं दिलीयेत. "मुलीने पोळी खाल्ली" म्हटलं की बाबा लगेच बरोबर चित्र दाखवतात. पण "मुलीने मुलाला ढकललं" म्हटलं की बोट दोन्ही चित्रांवर फिरत राहतं आणि शेवटी कुठेतरी टेकतं, त्यात "मुलाला मुलीने ढकललं" असं फिरवून म्हटलं तर बहुतेक वेळा चुकतंच. शब्द तर सगळे माहितीतले. पोळी काही मुलीला खात नाही, तिथे व्याकरण न कळताही भागतं, इथे भागत नाही असं मला वाटतं.

शोधल्यावर कॅरामाझा आणि झुरिफचा १९७६ चा प्रयोग सापडला. मुलगा खातोय ते सफरचंद लाल आहे, असलं वाक्य ब्रोकावाल्या पेशंटना जमलं, पण मुलगी ज्याच्या मागे धावतेय तो मुलगा उंच आहे, यात नुसतं अंदाजपंचे. डिट्टो बाबा!

तर प्रश्न असा की 'ने' आणि 'ला' त्यांच्या डोक्यात पोचतच नाहीत, की पोचतात पण पुढे जोडले जात नाहीत? आणि दुसरं म्हणजे "मुलगी मुलाला ढकलतेय" यात क्रियापदच सांगतं की करणारी मुलगी आहे, "ढकललं" मध्ये दोघांचाही पत्ता नाही, मग घरात वर्तमानकाळात बोललं तर फायदा होईल का? मला त्यात बाबा जरा बरे वाटतात, पण मी लेक आहे, मला बरेच वाटणार.

कडूकारलं: मी स्पीच थेरपिस्ट आहे, पण पेशंट न बघता ठाम सांगणार नाही, तुमच्या थेरपिस्टना हे सगळं नक्की सांगा. 'ने' पोचत असणार असा माझा अंदाज. लिनबार्गर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं की असे काही पेशंट वाक्य चूक की बरोबर हे बऱ्यापैकी ओळखतात, अर्थ लावताना मात्र अडतात. जेवताना सहज "मुलगी पोळी खाल्ली" म्हणून बघा, कपाळाला आठी पडते का. बाकी यावर संशोधकांचं एकमत नाहीये, कोणी म्हणतं जागा बदललेल्या शब्दांचा माग सुटतो, कोणी म्हणतं प्रोसेसिंगच हळू होतं. आणि ब्रोका एरिया (मेंदूतला बोलण्याशी जोडला जाणारा भाग) हे नाव फार मनावर घेऊ नका, ज्यांच्यावरून ते नाव पडलं त्या डॉक्टर ब्रोकांच्याच १८६१ च्या पेशंटचा जपून ठेवलेला मेंदू २००७ मध्ये एमआरआयमध्ये बघितला तर इजा खूप आतपर्यंत गेलेली निघाली. घरात छोटी वाक्यं, करणारा आधी, मध्ये जरा थांबा. औषधाच्या बाबतीत "आईने ताईला दिलं की ताईने आईला" असलं काही बोलूच नका.

रिकामा_न्हावी: वर्तमानकाळाचं लगेच खरं धरू नका हो. दोन्ही मुलगे घ्या, "राजू बंड्याला ढकलतोय", इथे 'ढकलतोय' दोघांनाही लागू पडतं. तिथे गडबडले आणि मुलगा-मुलगी असताना जमलं तर बाबा क्रियापद वापरतायत. पण क्रम उलटा करूनही विचारा, नाहीतर ते पहिलं नाव तोच करणारा असं धरून चालत असतील.

धागाकर्ती: अरे हे सुचलंच नव्हतं! दोन मुलग्यांची चित्रं भाचीकडून काढून घेते. आणि कारलं, रात्री "मुलगी पोळी खाल्ली" म्हटलं तर बाबा वैतागून "ने... ने" करायला लागले, आईला वाटलं पोळी ने म्हणतायत, तिने ताटच उचललं. मराठीत अशी तयार टेस्ट कोणी वापरली असेल तर कळवा.