तलंगेचं अंडं अडकलंय

वैनी (वडगाव): काकी, आमची गिरिराज जातीची तलंग, नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी, सकाळपासून कोपऱ्यात बसलीय. दाणा नाही, पाणी नाही. खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसलीय काय ओ?

मोठी काकी (खानापूर): खुडूक कोंबडी हात नेला की टोचायला येते. ही टोचतीय काय?

वैनी: नाही. बदकागत ताठ उभी ऱ्हातीय, शेपूट वरखाली करून कळा देतीय. पण काही पडत नाही.

मोठी काकी: मग अंडं अडकलंय गं. पोट दाबू नको, ओढून काढायला जाऊ नको. आत फुटलं तर कवच टोचून आत पू होतो, मग वाचवणं अवघड. टबात कोमट पाणी घे, मनगटाला सोसेल एवढं. पंख धरून पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसव. मग चांगली कोरडी कर, ह्या पावसात ओली ठेवायची नाही. मागं अंडं पडायच्या जागी खोबरेल लाव आणि उबदार, अंधाऱ्या जागी एकटी ठेव.

अण्णा (निपाणी): घरात कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, देऊ दे काय?

मोठी काकी: मनानं नको अण्णा. किती द्यायचं ते जनावरांच्या डॉक्टरला फोनवर विचारा. आणि वैनी, आज पडलं नाही तर उद्या सकाळीच दवाखान्यात ने. दोन दिवस अडकून राहिलं तर कोंबडी जाऊ शकते. अंग, म्हणजे आतली अंड्याची नळी, मागनं बाहेर आलं तर थांबूच नको, बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून मारतात.

वैनी: काकी, पडलं! दुसऱ्यांदा पाण्यात बसवून खोलीत ठेवली, तासाभरात पोत्यावर अंडं. पण कवच पातळ, बोटानं दबतंय. आता पाणी प्यायली.

मोठी काकी: बरं झालं बाई, जीव टांगणीला लागला होता. आता खाणं सांग. काय घालतीस?

वैनी: कण्या, जोंधळा, उरलेला भात.

मोठी काकी: तिथंच अडलंय. धान्यात कॅल्शियम नसल्यागतच असतं, आणि एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास लागतं. खाण्यातनं मिळालं नाही की कोंबडी स्वतःच्या हाडातलं काढते. अंडं बाहेर ढकलायलासुद्धा कॅल्शियमच लागतं, तिथंच ती अडकते. वर गिरिराज अंगानं जड, भातानं चरबी धरते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य आण, त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. लहान पिलांना मात्र ते घालू नको, त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतं. आणि उघडीप मिळाली की अंगणात सोड. ऊन लागलं नाही तर खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही, आणि आपल्याकडं आषाढात ऊन कुठलं!

अण्णा: मी शनिवारी कारवारला जातोय. कॅल्शियमसाठी शिंपले आणू काय?

मोठी काकी: आणा की, पोतंभर आणा. धुऊन, वाळवून जाडसर कुटायचे, पीठ करायचं नाही. जाड कण पोटात सावकाश विरघळतात, आणि कवच जास्त करून रात्रीच घडतं. म्हणून वैनी, वेगळ्या वाटीत संध्याकाळी ठेव. ज्या कोंबडीला पाहिजे ती खाईल.