आमचे आप्पाकाका, आणि तुमच्या घरातली अंध माणसं: आठवणी लिहा

कृष्णाकाठची_लेक
आज सांगलीत शंभर फुटी रोडवरच्या बँकेत गेले होते, आईच्या खात्याला वारस लावायचा होता. टेबलापलीकडे पंचविशीतला मुलगा, एका कानात इअरफोन. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, म्हणून जरा निरखून पाहिलं तर कीबोर्डशेजारी पांढरी काठी घडी करून ठेवलेली. दहा मिनिटांत काम झालं. बाहेर येऊन गाडीला किल्ली लावली आणि रडूच फुटलं. आज आप्पाकाका हवे होते.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. चौथ्या वर्षी देवी आल्या, दोन्ही डोळे गेले. मुंबईच्या अंधशाळेत ब्रेल, टायपिंग आणि वेताच्या खुर्च्या विणणं शिकले. तेव्हा कचेऱ्यांतल्या खुर्च्या वेताच्याच. खणभागातल्या आमच्या पडवीत काका आणि चार अंध मुलं दिवसभर विणत बसायची, घरात सतत भिजलेल्या वेताचा वास. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि बघता बघता ते काम गेलं.

काका मुलांना घेऊन कुपवाड एमआयडीसीत जायला लागले. मालक म्हणायचे, "आप्पा, देणगी देतो, पण पोरांना नको, मशीनमध्ये हात गेला तर?" काका म्हणायचे, "देणगी ठेवा. एक दिवस मलाच पॅकिंगला बसवा, पगार देऊ नका." आणि बसायचे! 10 नट, 10 बोल्ट, 20 वायसर, पिशवी बंद. संध्याकाळी मालकाने हव्या त्या पिशव्या फोडून मोजायच्या. दुसऱ्या दिवशी काका घरी आणि त्यांच्या जागी एक मुलगा.

1995 चा अपंगांसाठीचा कायदा झाला, सरकारी नोकरीत 3 टक्के जागा, त्यातली 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना. तेव्हापासून रोज सकाळी मी जाहिराती वाचायच्या, काका अर्ज टाइप करणार. टाइपरायटरची रिबन बघायचं काम माझं. एकदा मी खेळायच्या नादात बघितलीच नाही. काकांनी तीन पानं टाइप केली, तिन्ही कोरी! मला तोंडातून शब्द फुटेना. काकांनी कागद उलटा करून बोट फिरवलं, म्हणाले, "अक्षरं उठलीयत की. पेन्सिल आडवी धरून घास." घासलं तर सगळं वाचता आलं. मी वाचत गेले, त्यांनी पुन्हा टाइप केलं. रागावले नाहीत. त्या दिवसापासून आधी स्वतः रिबनला बोट लावायचे आणि मला विचारायचे, "काळं झालं का बघ."

तुमच्या घरात असं कोणी असेल तर लिहा ना.

साताऱ्याची_सून
सकाळी सकाळी रडवलंस गं. माझ्या मावससासूबाई साताऱ्यात एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. सगळे नंबर पाठ, डायरी कधी लागली नाही. मी बूथवरून फोन केला की 'हॅलो' म्हणायच्या आत, "पोवई नाक्यावर का उभी आहेस? एसटीचा हॉर्न ऐकू येतोय."
मग आपोआप जोडणारी यंत्रं आली. साहेब म्हणाले, घरी बसून पगार घ्या. त्या घरी बसल्या नाहीत. रोज वेळेवर जायच्या, सही करायच्या आणि बंद बोर्डासमोर बसून राहायच्या. दोन महिन्यांनी त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. निवृत्तीला कंदी पेढे वाटले, शिपाई सगळ्यांत जास्त रडला. पोळी करपतेय, नंतर लिहिते.

हळदवाला
शंभर फुटीवरची नेमकी कुठली शाखा? आमचंबी वारसाचं काम चार महिने अडकलंय 🙏

कृष्णाकाठची_लेक
विपूत (वैयक्तिक निरोपात) सांगते दादा. दोघांचंही आधार, पॅन घेऊन जा.

मिरजकर
आमचे मामेआजोबा पेटी दुरुस्त करायचे. सूर उघडून पितळेची पट्टी नखाने नुसती छेडायची आणि सांगायचे, हा चढलाय. माणूस जिन्यात असताना ओळखायचे. लहानपणी आम्ही चपला काढून, श्वास धरून जायचो, तरी नाव घ्यायचे. शेवटी कळलं, आमच्या खिशातल्या भडंगाच्या वासावरून 😄

सून_परत_आले
साताऱ्यातसुद्धा आम्ही भडंग सांगलीचंच आणतो हो.

डोंगरवाट
माझ्या भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रात्रीचं दिसेना, मग नळीतून बघावं तेवढंच दिसायचं. नोकरीत 14 वर्षं झाली होती. ऑफिसने गोड बोलून राजीनामा लिहायला कागद पुढे केला. दादा सही करणारच होता. वहिनीने हात धरला. 1995 च्या कायद्यात कलम 47 होतं, सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, दुसरं झेपणारं काम द्यायचं, पगार तोच. 2016 च्या नव्या कायद्यात तेच कलम 20 मध्ये आहे. आमचं एवढंच सांगणं, कुणी कागद पुढे केला तर आधी घरी आणा. दादा अजून नोकरीत आहे.

तासगावची_आई
धाग्याला धरून नाही, माफ करा. भाचा 19 वर्षांचा, अपघातात दृष्टी गेली. सहा महिने खोलीबाहेर येत नाही. बहीण रोज फोनवर रडते. काय करावं?

डोंगरवाट
ताई, माफी कसली? आधी सिव्हिलमधून 40 टक्के किंवा त्यावरचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) करून घ्या, पुढचं सगळं त्यावर चालतं. परीक्षेला लेखनिक मिळतो आणि तासाला 20 मिनिटं जादा.

काठी_आणि_कीबोर्ड
मी स्वतः अंध आहे, बोलून टाइप करतोय, चुका समजून घ्या. तासगावच्या ताई, भाच्याच्या फोनमध्ये टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) चालू करून द्या आणि क्रिकेटचा स्कोअर त्याचा त्याला काढू द्या. लॅपटॉप असेल तर तेच काम करणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर फुकट आहे. माझा नंबर विपूत देतो, त्याला रात्री बोलायचं असलं तरी चालेल. मीही वर्षभर खोलीत होतो.

कृष्णाकाठच्या ताई, आप्पा म्हणजे उंच, तपकिरीचा वास येणारे, आणि "बोल राजा" म्हणणारे का? असतील तर कुपवाडला त्यांच्यानंतर त्या स्टुलावर बसलेल्यांपैकी मी एक. स्टूल गरम होतं अजून. त्यांनी मला एकच गोष्ट दहा वेळा करायला लावली. वायसरला तेल असलं की दोन चिकटून एक लागतात. टाकायच्या आधी अंगठ्याने घासायचं, सरकलं तर दोन आहेत. माझ्या एकाही पिशवीची तक्रार आली नाही. पुढे शिकलो, त्या 1 टक्क्यातूनच जिल्ह्याच्या कचेरीत लागलो.

कृष्णाकाठची_लेक
बोल राजा!! तेच हो ते! हात थरथरतायत. माळ्यावरून त्यांची ब्रेलची पाटी काढली आत्ता. फोटो टाकतेय.

काठी_आणि_कीबोर्ड
फोटोत काय आहे ते लिहाल का?

कृष्णाकाठची_लेक
सॉरी दादा. अॅल्युमिनियमची पाटी, एक बिजागरी सैल. ठिपके पाडायच्या टोच्याची लाकडी मूठ तर्जनी टेकायची तिथे झिजून चपटी झालीय. आणि पाटीत कागद अडकलेला आहे! ठिपके आहेत त्यावर. मला ब्रेल येत नाही, कधी शिकलेच नाही.

काठी_आणि_कीबोर्ड
उठाव वर येईल असा धरा. एका घरात सहा जागा. डावीकडे वरून खाली 1, 2, 3, उजवीकडे 4, 5, 6. कुठले उठलेत ते आकडे सांगा.

कृष्णाकाठची_लेक
थांबा, चष्मा आणते.
पहिलं घर 1-2-3-6. मग 3-4-5. मग 1-3-4-5-6. मग 2-3-4. मग 1-2-3-5. मग मोकळं.

काठी_आणि_कीबोर्ड
वायसर. पुढे?

कृष्णाकाठची_लेक
3-4-5-6. मग 1-2. मग 2-4-5. एवढंच आहे.

काठी_आणि_कीबोर्ड
वीस.