ईपीएफ-पीपीएफ धरून ६०:३०:१० कसं जमवायचं?

प्रश्न : कोरी_पाटी
वय ३४. ईपीएफमध्ये ११ लाख, पीपीएफमध्ये ५, पाच ॲक्टिव्ह (मॅनेजर शेअर निवडतो अशा) इक्विटी फंडांत मिळून ८. एसआयपीला महिना २५ हजार निघतात, शिवाय ईपीएफमध्ये माझे आणि कंपनीचे मिळून १२ हजार जातात. निवृत्तीसाठी इक्विटी (शेअर) ६० टक्के, डेट (व्याज देणारी गुंतवणूक) ३०, सोनं १० असं इंडेक्स फंडांतून, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडांतून, करायचंय. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद : ताळेबंद
ईपीएफ-पीपीएफ म्हणजे डेटच, ते धरूनच टक्के काढा. २४ लाखांपैकी १६ तिथे, म्हणजे आज डेट ६७, इक्विटी ३३, सोनं शून्य. वेगळा डेट फंड अजिबात नको. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो. पीपीएफचं व्याज करमुक्त. पीपीएफ चालू राहायला वर्षाला ५०० रुपये पुरतात (जुन्या करप्रणालीत असाल तर ८०सी या करवजावटीची उरलेली मर्यादा आधी बघा).

२१ हजार इक्विटीत, ४ हजार सोन्यात. इक्विटीत निफ्टी ५० (सर्वांत मोठ्या ५० कंपन्या) आणि नेक्स्ट ५० (त्यांच्या पुढच्या ५०) यांचे इंडेक्स फंड, साधारण ७०:३०, दोन्ही डायरेक्ट (एजंटाशिवायचे) प्लॅन. या दोघांत एकही शेअर सामाईक नसतो. जोडीला सेन्सेक्स फंड घेण्यात मात्र अर्थ नाही, तेच शेअर पुन्हा येतात.

प्रतिसाद : आकडेमोड
६० चा आग्रह सोडा. महिन्याला जमणाऱ्या ३७ हजारांत इक्विटीचे २१, म्हणजे ५७ टक्केच. व्याज आणि वाढ न धरता तीन वर्षांनी इक्विटी साडेपंधरा लाख, एकूण सव्वासदतीस. जेमतेम ४२ टक्के! व्हीपीएफ (ईपीएफमध्ये स्वतःहून टाकलेली जादा रक्कम) चालू असेल तर थांबवा, पगार वाढला की आधी एसआयपी वाढवा आणि सध्या ५०:४०:१० धरून चाला.

कोरी_पाटी
जुने पाच फंड विकून टाकू का? आणि रिबॅलन्सिंग, म्हणजे सरकलेले वाटे परत ठरल्या टक्क्यांवर आणणं, कधी करू?

प्रतिसाद : ताळेबंद
एकदम नको. एका फंडातून दुसऱ्यात स्विच केलं तरी कराच्या दृष्टीने ती विक्रीच. वर्षाहून जुन्या युनिट्सवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, पुढे साडेबारा टक्के. वर्षाच्या आतल्यांवर २० टक्के, वर एक्झिट लोड (लवकर विकल्याबद्दल फंड कापतो ते शुल्क) असेल तर तोही. जुन्या एसआयपी आजच बंद करा आणि दर मार्चला सव्वा लाख नफ्याइतकी युनिट्स विकून इंडेक्स फंडात टाका. आधी घेतलेली युनिट्स आधी विकली जातात, म्हणून स्टेटमेंटवर खरेदीच्या तारखा तपासा.

रिबॅलन्सिंग वर्षातून एकदा, तेही वाटा पाच टक्क्यांहून जास्त सरकला तरच. तुमच्याकडे एसआयपीची वाटणी बदलूनच ते भागेल. सोन्याचा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड) घेणार असाल तर मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकू नका. उलाढाल कमी असेल त्या दिवशी भाव आय-एनएव्हीपेक्षा (युनिटच्या त्या क्षणाच्या अंदाजे मूल्यापेक्षा) चढा असू शकतो. दोन्ही आकडे समोर ठेवून लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या कमाल भावाची) टाका.