"सर, मग नारळीकर चुकले का?" आठवीच्या पोरीला काय सांगू?

कागलकर_मास्तर

नमस्कार मंडळी. कागल तालुक्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी यंदा मुख्याध्यापकांचा हुकूम आला, आपल्या मातीतला शास्त्रज्ञ घ्या. म्हणजे जयंत नारळीकर. जन्म 19 जुलै 1938, कोल्हापूर. खरं बघितलं तर आमच्या वाट्याला जन्मच आला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख, त्यामुळं शाळा-कॉलेज सगळं बनारसला. पण आम्ही कोल्हापूरकर तेवढ्यावरही मिरवतो.

पोरांनी तक्ता झकास रंगवलाय. 1957 बीएस्सी, 1959 केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणितात पहिला), 1965 पद्मभूषण (वय फक्त 26), 1972 मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), 1988 पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, 2004 पद्मविभूषण, 2010 महाराष्ट्र भूषण. खाली निधन, 20 मे 2025, पुणे.

परवा 'ताऱ्यांची जीवनयात्रा' संपवून ओघात महास्फोटाचं, म्हणजे विश्वाची सुरुवात एका स्फोटातून झाली त्याचं, चार शब्दांत सांगितलं. तर वर्षभर तोंड न उघडणारी शेवटच्या बाकावरची एक पोरगी तक्त्याकडं बोट करून म्हणते, "सर, हे तर महास्फोट मानत नव्हते म्हणं. दादानं सांगितलंय. मग हे चुकले का?"

"उद्या सांगतो" म्हणालो. त्याला तीन दिवस झाले. ती रोज बघते माझ्याकडं, विचारत काही नाही. चुकले म्हणावं तर तक्ता कशाला लावला? नाही म्हणावं तर मी परवा शिकवलं ते काय? कुणीतरी सोडवा.

स्पष्टवक्ता_नाशिक

चुकले म्हणून सांगून टाका की. 1965 मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सगळीकडून सारखी येणारी सूक्ष्मलहरींची प्रारणं, म्हणजे महास्फोटाची उरलेली ऊब, सापडल्याचं जाहीर झालं आणि स्थिर विश्वाचा, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या सिद्धान्ताचा, खेळ खलास झाला. बाकीच्यांनी तंबू हलवले, नारळीकरांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल आणि नारळीकर बसून राहिले. याला हट्ट म्हणतात. माणूस मोठा होता, लेखक म्हणून तर फारच आवडता, पण म्हणून मुलांना गुळमुळीत उत्तर देऊ नका.

कोपऱ्यातली_प्रयोगशाळा

मास्तर, स्पष्टवक्त्यांचं अर्धं घ्या, अर्धं ठेवा.

मी पुण्यात एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. माझं काम म्हणजे तीस मुलांचे लोलक एकाच वेळी हलत ठेवायचे आणि कोणी आकडे घरून लिहून आणलेत ते ओळखायचं. त्यामुळे चूक या शब्दाबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत.

आधी म्हणणं काय होतं ते बघा. विश्व प्रसरण पावतं हे हॉइलनाही मान्यच होतं. ते म्हणत, जागा वाढते तसा नवा पदार्थही सावकाश तयार होत राहतो, म्हणून विश्वाला आरंभ नाही आणि ते कधीही बघितलं तरी साधारण सारखंच दिसेल. आता यात एक मोठी सोय आहे: हे तपासता येतं. लांबचं बघणं म्हणजे जुनं बघणं. तेव्हा लांबच्या विश्वातली दाटी जवळच्यापेक्षा वेगळी निघाली, की सिद्धान्त अडचणीत.

1961 च्या सुरुवातीला केंब्रिजच्याच खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी नेमकं तेच जाहीर केलं. आकाशातले रेडिओलहरी सोडणारे स्रोत मोजले, अंधूक म्हणजे लांबचे स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त भरले. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत हॉइल नव्हते. त्यांच्या बाजूनं उत्तर द्यायला उभा राहिला त्यांचा विद्यार्थी नारळीकर, वय 22. समोर राइल. मला तो प्रसंग आठवला की माझेच तळहात ओले होतात.

उत्तर काय दिलं ते तुमच्या पोरांना सहज कळेल. समजा तुमचं घर गावाबाहेर माळावर आहे. रात्री गच्चीवर जाऊन दिवे मोजले तर जवळ दोन-चार, आणि लांब गावाच्या बाजूला भरपूर. यावरून "पूर्वी दिवे जास्त होते" असं ठरतं का? आपण मोकळ्या जागी राहतो एवढंच ठरतं. दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह) मोठमोठ्या पुंजक्यांत असतील आणि मध्ये पोकळ्या असतील, तर मोजणी अशीच येणार, हे त्यांनी गणित करून दाखवलं. एवढे मोठे पुंजके आणि पोकळ्या खरोखरच असतात, हे पुढे निरीक्षणांत सापडलं. वाद मात्र तेवढ्यानं जिंकला नाही. 1965 चा फटका त्याहून मोठा होता, त्यात स्पष्टवक्ते बरोबर आहेत.

पण तंबू तिथेच ठोकून बसले, हे चूक. 1993 मध्ये हॉइल, खगोलशास्त्रज्ञ बर्बिज आणि नारळीकरांनी मूळ सिद्धान्त बदलून मांडला. एकच महास्फोट नाही, लहान लहान स्फोट होत राहतात. विश्व आकुंचन-प्रसरण करत करत एकंदरीत वाढतं. आणि त्या सूक्ष्मलहरी? तो ताऱ्यांचाच जुना प्रकाश. ताऱ्यांच्या स्फोटातून उडालेली लोखंडाची वाफ थंड होऊन केसापेक्षा कितीतरी बारीक, मिलिमीटरभर लांबीच्या सुया होतात, त्या प्रकाश शोषतात आणि सूक्ष्मलहरींच्या रूपात परत सोडतात. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना हे पटलं नाही, आजही पटत नाही. पण आमच्या प्रयोगशाळेच्या भाषेत, या माणसानं आकडे घरून लिहून आणले नाहीत. वही कायम उघडी ठेवली, कोणीही येऊन तपासा.

आता थोडं माझं. नववीत असताना, 1994 च्या सुमाराला, बाईंनी आम्हाला आयुकात दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानाला नेलं होतं. तिथल्या कुंडातले आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे बघून आम्ही खिदळलो, पृथ्वी फिरते हे दाखवणारा फूकोचा लोलक बघून गप्प झालो. नारळीकरांची पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच: मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, मी उत्तर लिहून खाली सही करीन. मी दुसऱ्याच दिवशी पंधरा पैशांचं कार्ड आणलं. पत्त्याच्या बाजूला वळणदार अक्षरात 'आयुका, गणेशखिंड, पुणे 7' लिहिलं. मागची बाजू मात्र कोरी राहिली, कारण मला असा प्रश्न हवा होता की वाचून ते म्हणतील, काय हुशार मुलगी आहे! तो सुचला नाही. कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे, कडा पिवळ्या पडल्यात.

तुमच्या त्या मुलीनं मला नाही जमलं ते तीन दिवसांपूर्वी करून टाकलंय. तिला थांबवून ठेवू नका हो.

अवकाशवेडा

वा ताई. मास्तर, तक्त्यात दोन गोष्टी दिसत नाहीत, त्या घाला.

1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नारळीकरांनी 'कृष्णविवर' पाठवली, पण 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आद्याक्षरं उलटी वाचा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा कुठे जगताप कोण ते कळलं.

दुसरी गोष्ट 2008 ची. सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे, नरेंद्र दाभोलकर आणि नारळीकर यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका, कोणती कुणाची ते झाकलेलं. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका, ओळखा. 51 जण तयार झाले, 27 जणांकडून उत्तरं आली. बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं तर 50 येतात.

मला यात मजा वाटते ती अशी, की ज्योतिषांच्या पत्रिका झाकण्याच्या चौतीस वर्षं आधी गड्यानं स्वतःचं नाव झाकून परीक्षा दिली होती. वर्गात प्रत्येकाला 40 वेळा नाणं उडवायला लावा, पोरांना 46 टक्के म्हणजे काय ते हातानं कळेल.

स्पष्टवक्ता_नाशिक

माळावरच्या दिव्यांचं उदाहरण आवडलं. 'हट्ट' मागे घेतो. 'चुकले' घेत नाही. आमच्याच नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते 2021 मध्ये अध्यक्ष होते, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. आले असते तर तोंडावर विचारलं असतं.

कागलकर_मास्तर

सगळ्यांचे आभार. काल तास घेतला.

नाण्याचा कार्यक्रम आधी केला. 34 पोरं, प्रत्येकी 40 वेळा, वर्गात नुसता खणखणाट. शेजारच्या वर्गातनं दोनदा निरोप आला. बहुतेकांचे छापे विसाच्या आसपास, एका पठ्ठ्याचे 26 आले तर लगेच सगळे त्याच्याकडं भविष्य विचारायला. मी म्हटलं, परत उडव. 18 आले. बिचाऱ्याची महाराजकी पाच मिनिटांत संपली.

मग माळ, दिवे, राइल, 22 वर्षांचं पोरगं, आणि शेवटी लोखंडाच्या सुया. "चुकले का?" याला सरळ सांगितलं: आज बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोट मानतात, पुरावा त्या बाजूला जास्त आहे, म्हणून मी तोच शिकवतो. हे शेवटपर्यंत दुसरीकडं उभे होते, आणि मला कुठं तपासायचं ते स्वतःच सांगत होते. पोरगीनं मान हलवली. पटलं का नाही, कळायला मार्ग नाही.

पोस्टकार्डाचं डोक्यात बसलं होतं, म्हणून दुपारी पोस्टात जाऊन 35 कार्डं मागितली. पोस्टमास्तर चष्मा वर करून म्हणाले, "गुरुजी, इलेक्शनला उभं राहताय काय?" एवढी नव्हती, बारा मिळाली. ज्याला प्रश्न आहे त्यानंच न्यायचं म्हटल्यावर बारासुद्धा संपेनात, पाच उरली.

ताई, तुम्ही कोरं ठेवलंत म्हणून सांगतो, शेवटच्या बाकावरचं कार्ड सगळ्यात आधी आलं. पेन्सिलीनं एकच ओळ: "त्या लोखंडाच्या सुया कुणी बघितल्या का?"

आता हे मी पाठवू कुणाला?